लाईट गेली तर काय?

आधीच सांगून टाकते. आमच्या इमारतीच्या दाराला कुलूप लावायला माझा विरोध होता आणि आजही आहे. धुरीबाईंबद्दल चांगलं लिहिते आहे म्हणून माझं मत बदललं असं कोणी समजू नये. बदललं असतं, तर पहिल्यांदा धुरीबाईंनीच मला फैलावर घेतलं असतं.

लालबागच्या आमच्या चाळीला दार नव्हतं. खोल्यांना होती, चाळीला नव्हतं. रस्त्यावरून वळलात की जिना, जिना चढलात की गॅलरी, आणि गॅलरीत कायम कोणीतरी तांदूळ निवडत किंवा पेपर वाचत बसलेलं. आलागेला सगळ्यांच्या नजरेखालून जायचा. मग चाळ पडली. बिल्डरचा विकाऊ टॉवर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंची इमारत त्याच्या पाठीला, ऊन जेमतेम पोचतं अशा जागी. ह्या नव्या इमारतीला मात्र दार होतं. तळमजल्यावर, लोखंडी चौकटीचं, जाड काचेचं, आणि एकच. मागचा जिना नकाशात आहे. प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी टॉवरवाल्यांच्या गाड्या लागतात. ह्यावर मी पत्रकं काढली, अर्ज केले, पालिकेच्या कचेरीत बाकावर बसून दिवस घालवले. गाड्या तिथेच आहेत.

माझ्या बाबांना दमा आहे. चाळीत धाप लागली की दोन ढांगांत गॅलरी, मोकळी हवा. इथे चौथ्या मजल्यावरून उतरायचं आणि त्या एकाच दारातून बाहेर पडायचं. तेव्हा कुलुपाचा प्रश्न माझ्यासाठी तत्त्वाचा नंतर होता, आधी बाबांच्या श्वासाचा होता.

झालं असं, की उत्सवासाठी लॉबीत ठेवलेले मंडळाचे स्पीकर चोरीला गेले. आमचे सेक्रेटरी परबकाका म्हणजे सज्जन माणूस, पण समोरच्या टॉवरमध्ये जे आहे ते आपल्याकडे नाही ह्या दुःखाने पोखरलेला. त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "इलेक्ट्रिक लॉक बसवायचं. कार्ड दाखवा, दार उघडा. त्यांच्याकडे आहे, आपण काय पाप केलं?"

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा: 'कुलूप कोणासाठी?' प्रत्येक दाराखालून सरकवलं. संध्याकाळी बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या धुरीबाई. सुती साडी, पायात खेळाचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, हातात माझं पत्रक. त्यावर पेन्सिलीच्या खुणाच खुणा.

"काय गो पत्रकवाले," त्या म्हणाल्या, "पानभर शिव्या घातल्यास. बिल्डर दोषी, कमिटी दोषी, व्यवस्था दोषी. मान्य. पण दार खंय आसा ह्याच्यात?"

"मथळ्यातच आहे की!"

"मथळ्यात कुलूप आहे. दार नाही. लाईट गेली तर ते दार काय करणार, हे एका ओळीत तरी विचारलंस?"

मी नव्हतं विचारलं. पण मी गप्प बसले नाही. म्हटलं, "मला कुलूपच नको, तर लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न येतोच कुठे?"

"ते लावणार," बाई म्हणाल्या. "तू कितीही बोंबल, लावणारच. मग जे लागणार, ते कसं लागणार एवढं तरी आपल्या हातात ठेव." आणि न विचारता आत येऊन बाबांच्या शेजारी बसल्या, चहा मागितला, बशीत ओतून प्यायल्या.

बाई परळच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. पोरांच्या कित्येक पिढ्यांना त्यांनी डाग द्यायला शिकवलं होतं. डाग म्हणजे तारेचा सांधा, कथील वितळवून केलेला. आपल्या डागांचा त्यांना भलताच गर्व होता. कोणाचा बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला आला की आधीच्या कारागिराचा डाग भिंगातून बघून "शी! नाक शिंकरल्यासारखा" म्हणायच्या आणि तो उकरून नव्याने द्यायच्या, बिघाड भलतीकडेच असला तरी. नम्रपणा हा गुण त्यांनी आयुष्यात कधी वापरून पाहिला नव्हता. त्यांच्या ओट्यावर मसाल्याचे सारखे दिसणारे दोन डबे असत. एकात हळद, तिखट, जिरं. दुसऱ्यात त्याच वाट्यांमधून रेझिस्टर, कपॅसिटर, बारीक दिवे. एकदा परबकाकींनी मोहरी म्हणून भलतीच वाटी उचलली होती, त्यावरून बाई महिनाभर हसत होत्या.

आणि त्यांचा एक प्रश्न होता, तो त्या सगळ्यांना सगळ्या बाबतीत विचारायच्या: लाईट गेली तर काय? लिफ्टबद्दल विचारायच्या, ऑनलाईन परीक्षेबद्दल विचारायच्या. माझ्या चुलतबहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा पगार, घर, स्वभाव सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सगळं चालू असतानाचं झालं. लाईट गेली की कसा वागतो?" बहीण चिडली. पण पुढच्या भेटीत तिने त्याला हॉटेलात मुद्दाम तासभर ताटकळत ठेवलं, आणि मग नकार कळवला.

चाळ पडायच्या आधी बिल्डरचा माणूस मंडपात पडदा लावून नव्या इमारतीची चित्रं दाखवायला आला होता. पाणी पंपाने, लिफ्ट दोन, जिन्यात आपोआप पेटणारे दिवे. मागून बाईंचा आवाज आला, "लाईट गेली तर काय?"

"जनरेटर आहे ना, मॅडम."

"तो नाही चालला तर?"

"मॅडम, असं सहसा होत नाही."

"होत नाही तेव्हाचं नाही विचारलं. होईल तेव्हाचं विचारलं."

तो माणूस हसला आणि पुढच्या चित्राकडे वळला. बाई उभ्याच राहिल्या. "म्हणजे लाईट गेली की तुम्ही तुमच्या घरी, आणि आम्ही जिन्यात," असं म्हणून खाली बसल्या. मंडपात टाळ्या पडल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. पत्रक लिहायचं वेड मला तिथून लागलं असावं, पण हे बाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माझ्यावर ढकलू नको.

कुलुपाचं काम बाईंनी मीटिंगमध्ये अक्षरशः हिसकावून घेतलं. परबकाका बाजारातलं बोल्टवालं कुलूप आणणार होते. त्यात वीज आली की बोल्ट मागे सरकतो आणि दार उघडतं. वीज नसली तर बोल्ट आत रुतलेला. काकांना हाच त्याचा गुण वाटत होता. "लाईट गेली तरी दार बंद! चोराने मेन स्विच पाडला तरी बंद!"

"आणि आतला माणूस?" बाईंनी विचारलं.

"त्याने लाईट यायची वाट बघावी."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि काकांच्या अजेंड्याच्या कागदावर, काकांच्या डोळ्यांदेखत, बोल्टवर काट मारली. "चोर आत आला तर स्पीकर जाईल. माणूस आत अडकला तर माणूस जाईल. मी करणार हे कुलूप. तुम्ही फक्त शिडी धरा."

त्यांचं कुलूप असं होतं. चौकटीच्या वरच्या पट्टीला एक विद्युतचुंबक, दाराला पोलादी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टीला घट्ट धरून ठेवणार, चारजणांनी ओढलं तरी हलणार नाही. वीज गेली की पकड सुटली. मधे एक मायक्रोकंट्रोलर, पत्त्यांच्या कॅटपेक्षा लहान बोर्ड. तो कार्ड वाचणार, ओळखीचं असेल तर चुंबकाची वीज थोडा वेळ तोडणार. हे बाहेरून येणाऱ्यांसाठी. आतून जाणाऱ्यांसाठी एक मोठं हिरवं बटण. आणि बाईंचा सगळा जीव त्या बटणात होता.

"हे बटण बोर्डाला विचारायला जात नाही," त्या मला दाखवत म्हणाल्या. मी पाहायला गेले होते ते चुका काढायला. "चुंबकाची तार थेट ह्याच्यातून नेली आहे. दाबलं की तार तुटली. बोर्ड जागा असो, झोपलेला असो, येडा झालेला असो."

"पण तुमचाच बोर्ड, तुम्हीच लिहिलेला प्रोग्राम. त्यावर विश्वास नाही?"

"माझा माझ्यावर आहे. बोर्डावर कशाला ठेवू? आत येणाऱ्याने ओळख द्यायची, ठीक आहे. बाहेर जाणाऱ्याने कोणाला विचारायचं नसतं."

हे वाक्य मी पुढच्या पत्रकात घातलं. त्यांचं नाव न घालता. त्यांनी पेन्सिलीने खाली सही करून परत पाठवलं.

आणखी एक उद्योग त्यांनी केला. वेल्डरला बोलावून दाराच्या बिजागऱ्या अशा बसवून घेतल्या की पकड सुटली की दार स्वतःच्या वजनाने बाहेरच्या बाजूला उघडं पडायचं. ढकलायचीसुद्धा गरज नाही. तोटा असा, की जाणाऱ्याने ते आपल्या हाताने ओढून घ्यायचं. नाही घेतलं तर उघडंच. आम्ही चाळीतली माणसं, दार ओढून घ्यायची सवय कोणाला? मग बाई दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ओरडायच्या, "अगो, दार ओढ! तुझ्या बापाशीचो मांगर आसा काय?" मांगर म्हणजे गावाकडचा गोठा. ऑफिसला निघालेली, टाय लावलेली माणसं खाली मान घालून परत येऊन दार ओढायची.

उद्घाटनाला परबकाकांनी नारळ आणला होता. बाईंनी कमिटीला आत उभं केलं, दार ओढून घेतलं, आणि स्वतः बाहेर राहून वॉचमनला मेन स्विच पाडायला सांगितलं. टक असा आवाज झाला आणि दार सावकाश उघडं पडलं. कमिटी आत, नारळ हातात. "या बाहेर," बाई म्हणाल्या. "हेच उद्घाटन."

सगळं गोड चाललं असं मात्र नाही. उन्हाळ्यात एका दुपारी कार्ड लागेनात. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका बाहेर उन्हात उभ्या, बोर्डावरचा दिवा ढिम्म. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी कणकेच्या हातांनी खाली आल्या आणि कोपराने हिरवं बटण दाबून सगळ्यांना आत घेतलं. बाईंना जोरदार बोलणी बसली. त्यांनी आधी पॉवर सप्लायला शिव्या दिल्या, मग कार्डांच्या दर्जाला, आणि मग दिवसभर लॅपटॉपपुढे बसून चौकात उभं राहिल्यासारखं मोठ्याने जाहीर केलं, "चूक माझीच! प्रोग्राम एका जागी अडकून बसायचा!" त्यांनी त्यात नवी सोय घातली. प्रोग्रामने ठरावीक वेळाने हाक द्यायची, नाही दिली तर चिपमधलंच एक घड्याळ समजतं की हा गेला, आणि त्याला पुन्हा उठवतं. बाई त्याला राखणदार म्हणायच्या. पण ह्या सगळ्या फजितीत एका गोष्टीवर त्या खूश होत्या. "बाहेरचे थांबले. आतलं कोणी अडकलं का? नाही ना? मग!"

"बाहेरच्यांना ऊन लागलं त्याचं काय?" मी विचारलं.

"त्यावर तू पत्रक काढ," त्या म्हणाल्या.

खरं भांडण झालं ते दसऱ्यानंतर. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांचा मान असतो. लिफ्टला हार, पंपाला हार, मीटरच्या खोलीच्या दाराला तोरण, टॅक्सीवाल्या तावडेंच्या टॅक्सीला तर नवरदेवासारखं सजवतात. परबकाका स्टुलावर चढले आणि त्यांनी मनोभावे कुलुपाची पूजा केली. चुंबकाच्या तोंडाला ओल्या हळदीकुंकवाचा लेप, त्यावर अक्षता. पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक. बाई त्या दिवशी सोनं वाटायला परळला बहिणीकडे गेल्या होत्या आणि तिथेच राहिल्या.

लेप वाळला. तांदळाचे दाणे चुंबक आणि पट्टीच्या मधे चिकटून बसले. चुंबक म्हणजे असा मानी प्राणी, की पट्टी अंगाला अंग लावून असली तर हत्तीचं बळ, आणि तांदळाएवढी फट पडली तर त्याच्यात जीवच नाही. दार धरेना. लहान पोराने ओढलं तरी सुटायला लागलं. परबकाकांनी निदान केलं, "बाईंचं कुलूप बिघडलं," आणि चाळीच्या सामानातून वाचलेली जाडजूड साखळी आणून रात्री दाराच्या फटीतून आतबाहेर ओवली, तिला बाहेरून टाळं घातलं. किल्ली वॉचमनच्या खिशात.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दूध आणायला खाली उतरल्या. दाराला साखळी. वॉचमन बाहेर चहाला गेलेला. मी कामावर निघाले होते, मीही अडकले. मी माझं सुरू केलं, ही हुकूमशाही आहे, हा रहिवाशांच्या हक्कांवर, वगैरे. बाईंनी मला हाताने गप्प केलं, वर गेल्या आणि लोखंड कापायची करवत घेऊन आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि साखळी कापायला लागल्या. आवाजाने सगळी इमारत खाली जमली. परबकाका बनियनवर आले.

"बाई, काय करताय! ती माझ्या वडलांच्या खोलीची साखळी!"

"मग वडलांच्या फोटोला घाला. दाराला नाही."

"तुमचं कुलूप चालत नाही म्हणून घातली ना!"

बाईंनी करवत खाली ठेवली, चुंबकाकडे मान वर करून पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. मग हसू एकदम मावळलं. "परबानू, पूजा केलास, बरा केलास. देवाक अक्षता आवडतत, चुंबकाक नाय. पण ही साखळी..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या बापाला दमा आहे. तुमच्या सुनेला सातवा महिना. ह्यांनी जिना उतरून खाली यायचं आणि वॉचमनचा चहा संपायची वाट बघायची?"

काका लाल झाले. "पुन्हा दार सुटलं तर मी नवी साखळी आणणार. सेक्रेटरी मी आहे."

"आणा. माझी करवत आहे."

साखळी तुटली. बाईंनी स्टुलावर चढून ओल्या फडक्याने चुंबक पुसला, एकेक दाणा नखाने काढला, पट्टी घासली. दार ओढलं, ठक्कन बसलं. काका बघत होते. मग वर गेले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी, मी घरीच होते. बाबा पेपर वाचत होते. पंखा थांबला. मग वास आला, जळक्या प्लास्टिकचा. दार उघडलं तर जिन्यात धूर. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत काहीतरी पेटलं होतं. जनरेटर सुरू झाला नाही. लिफ्ट गेली, जिन्यातले आपोआप पेटणारे दिवे गेले. बाबांना खोकल्याची उबळ आली.

मी त्यांच्या नाकातोंडावर ओला पंचा धरला आणि उतरायला लागले. वरून, खालून माणसं, हाका, कोणाचं तरी रडणं, धुरात काही दिसत नव्हतं. बाबांची छाती शिट्टीसारखी वाजत होती. त्या जिन्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: परबकाकांनी नवी साखळी आणली का? दोन दिवसांपूर्वी मी त्यांना हार्डवेअरच्या दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी तेव्हा पत्रकाचा मथळा सुचतोय का बघत होते.

पहिल्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबले. "नाही जमत," असं त्यांनी हाताने सांगितलं. आणि तेव्हा मला खाली उजेड दिसला. दिव्याचा नाही, उन्हाचा. दार सताड उघडं होतं. कोणी ढकललं नव्हतं. वीज गेल्या क्षणी ते आपणहून उघडं पडलं होतं, आणि त्या उघड्या दारातून हवा आत येत होती. बाबांनाही तो उजेड दिसला. ते उतरले.

आम्ही समोरच्या फुटपाथवर बसलो. सगळे बाहेर आले, परबकाकांची सून आली, कणकेच्या हातांच्या वहिनी आल्या, तावडे टॅक्सीवाले हारासकट आले, का ते विचारू नका. मोजदाद झाली. कोणी आत राहिलं नव्हतं. अग्निशमनवाल्यांनी मीटरची खोली विझवली. बाबांनी दम्याचा पंप ओढला, श्वास ताळ्यावर आला, आणि पहिला शब्द बोलले तो "चहा." मला रडू आलं. संतापाचं नव्हतं, म्हणून ओळखू आलं नाही.

धुरीबाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या, काखेत मसाल्याचा डबा. दुसरा डबा. "सगळे?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. मग त्या वळून दारापाशी गेल्या, चुंबकाला हात लावला आणि लेकराच्या कपाळाला लावल्यासारखा तिथेच ठेवला. परबकाका घाईघाईने वॉचमनची खुर्ची घेऊन आले. नवी साखळी पिशवीतच राहिली होती, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, मी न विचारता.

"बसा बाई," काका म्हणाले.

"खुर्ची दारात ठेवलीत," बाई म्हणाल्या. "आधी बाजूला घ्या."

काकांनी खुर्ची बाजूला घेतली, आणि बाई बसल्या. त्यांना चहा मिळाला. त्यांनी बशी मागितली. फुटपाथवर बशी कुठून आणणार? परबकाका समोरच्या हॉटेलातून घेऊन आले.

त्यानंतर मी मागच्या जिन्याबद्दल नवीन पत्रक काढलं. त्यात दार होतं, पहिल्याच ओळीत. बाईंनी ते वाचलं आणि एकही खूण न करता परत दिलं. गाड्या अजून तिथेच आहेत. पण पालिकेचे लोक येऊन पट्टे आखून गेलेत, आणि परबकाका माझ्याबरोबर येऊन कचेरीतल्या त्या बाकावर बसतात.

ह्या वर्षी बाई कुडाळकडे गेल्या, भावाच्या घराशेजारी, कायमच्या. निरोप नको म्हणाल्या. "मेल्यावर या, तेव्हा भाषण करा." त्या सकाळी मी जिना उतरत होते. खाली तावडेंची टॅक्सी उभी होती. बाई एकट्या लॉबीत, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात दोन्ही मसाल्याचे डबे पिशवीत, पायात खेळाचे बूट. त्यांनी हिरव्या बटणाला कोपर लावलं. टक. दार सावकाश उघडं पडलं. त्या बाहेर पडल्या, टॅक्सीत बसल्या, मागे पाहिलं नाही. हात मोकळे नसल्यामुळे दार ओढून घ्यायचं राहून गेलं. आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडलेल्या बाईंचं.

मी खाली पोचले तेव्हा टॅक्सी वळली होती. दार उघडंच होतं, ऊन लॉबीत आलं होतं. ओढून घ्यायला माझा हात पुढे गेला.

मग मी ते तसंच राहू दिलं.